बुधवारी जळणारा बंब

आमच्या कासार आंबोलीत चाकांवरचा दवाखाना आला, तेव्हा पहिले आठ दिवस त्याच्याजवळ कुणी फिरकेना. कारण धोंडाबाईंनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं, "गाडी चावतीया."

त्यात खोटं काही नव्हतं. लष्कराच्या जुन्या सामानातून पुण्याच्या एका संस्थेनं तो ट्रेलर घेतलेला. जीपमागे बांधून आणला आणि हैबतरावांच्या पिठाच्या गिरणीशेजारी चिंचेखाली उभा केला, कारण त्या साली, म्हणजे त्रेसष्टच्या सुरुवातीला, वीज आमच्याकडे गिरणीपर्यंतच आली होती. बाहेरून पत्रा, आतून लाकडी फळ्या, मध्ये तपासणीचं टेबल, चार ठिकाणी प्लग आणि कोपऱ्यात विजेचा बंब. बाळंतिणी आणि लहान मुलं यांच्यासाठीच ही गाडी होती. डॉक्टर गद्रेबाई पुण्याहून एस.टी.नं येत. गेणबा जीप चालवी आणि एरवी राखण करी. मी मदतनीस. आमचे हे इथल्याच शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर दोन वर्षांनी मला हे काम मिळालं, तेही तूर्त तात्पुरतं. पाणी भरायचं, फडकी उकळायची, पहिलटकरणींना धीर द्यायचा.

धोंडाबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या आणि अनवाणी पायांनी जमिनीवर उभ्या राहून त्यांनी दाराच्या पत्र्याला ओला हात लावला. त्या ओरडल्या तशी गिरणीतली माणसं पिठाच्या हातांनी बाहेर धावली. मग दार आपोआपच बंद झालं म्हणा. गद्रेबाई टेबलापाशी बसून राहायच्या आणि बायका लांब चिंचेच्या मुळांवर बसून गाडीकडे बघायच्या.

नवव्या दिवशी संस्थेनं नसीरला पाठवला. पौडच्या बाजारात कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या नबीलालभाईंचा हा मुलगा. चोवीस वर्षांचा, पुण्यात वायरमनची परीक्षा पास होऊन आलेला. संस्थेनं त्याला एका महिन्याच्या बोलीवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत वडिलांच्या दुकानात. आणि दुकानात परत जायचं म्हणजे काय ते त्यानंच मला सांगितलं होतं. "अब्बा म्हनत्यात, रॉकेल कंदी शॉक देतं का? चाळीस वर्सं कंदील हातात धरलाय, एकदाबी चावला न्हाई. म्या परत गेलो ना काकू, तर हे वाक्य मला मरस्तवर ऐकावं लागंल."

एका बल्बला दोन वायरी जोडलेल्या, एवढंच त्याचं हत्यार. ते घेऊन तो एकेका प्लगपाशी उकिडवा बसायचा. एक वायर इथं, एक तिथं, बल्ब लागला की मान हलवायची, नाही लागला की तोंडानं चक् करायचं. दोन दिवसांत त्यानं दोष काढला. रस्त्याच्या धक्क्यांनी एक वायर पत्र्याला घासून सोलली गेली होती, आणि प्लगाचं जे तिसरं मोठं भोक असतं त्याला आतून काहीच जोडलेलं नव्हतं. "ह्ये तिसरं भोक जमिनीचं," तो म्हणाला. "चुकून वीज पत्र्यावर आली, तर तिला जमिनीत जायला वाट पायजे. वाट न्हाई घावली, तर ती मानसातनं जाती."

वायर बदलून झाल्यावर त्यानं ट्रेलरमागे कंबरभर खड्डा खणला. तळाशी तांब्याचा पत्रा उभा केला, तिसऱ्या भोकांची आणि गाडीच्या पत्र्याची वायर त्याला जोडली आणि वर कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर देऊ लागला. बायका जमल्याच.

"काय रं नसीर, लोनचं घालतुयास व्हय?" धोंडाबाई म्हणाल्या.

"व्हय आजी, विजेचं लोनचं. मुरलं की गाडी चावायची न्हाई."

खरोखरच चावली नाही. त्यानं आधी स्वतः, मग गेणबानं, मग मी पत्र्याला हात लावून दाखवला. धोंडाबाईंनी एक बोट लावलं, झटकन मागे घेतलं, मग पुन्हा लावलं आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी दारात अकरा बायका होत्या.

नसीर मला म्हणाला, "काकू, एक काम तुमच्याकडं. ह्या खड्ड्यात रोज सकाळी दोन बादल्या पानी ओतायचं. खड्डा सुकला की वाट बंद. गेणबाला सांगितलं तर तो इसरंल. तुमी न्हाई इसरायच्या."

त्यानं हे मला का सांगितलं ते गावात कुणीही सांगितलं असतं. रोज करायची गोष्ट माझ्याकडून चुकत नाही. त्यातच दोन दिवसांनी पौषी पौर्णिमा आली आणि माझं माघस्नान सुरू झालं. महिनाभर उजाडण्यापूर्वी ओढ्यावर अंघोळ, महादेवाला बेल, मग बाकीचं.

आता बंबाबद्दल सांगते. तो अगदी साधा होता. वर झाकण, तिथून पाणी ओतायचं. पुढे तोटी, तिथून गरम पाणी घ्यायचं. आत तळाशी वाकडी कॉइल, ती तापते. आणि अगदी खाली, बुडाला, एक पितळी चावी. ती फिरवली की टाकी पूर्ण रिकामी होते. संध्याकाळी काम संपलं की बंबात निम्मं पाणी उरायचं. सकाळी त्यातच नवं ओतून भरायचं, अशी गेणबाची शिकवण होती. मला ते पहिल्यापासून बरं वाटत नसे. कुठल्या घरात सकाळी कालच्या पाण्यात आजचं पाणी मिसळतात? रात्रीचा हंडा उपडा करायचा, घासायचा, मग भरायचा. आणि इथं तर तान्ह्या बाळांची अंगं पुसायची. पण चांगलं निम्मा बंब पाणी फेकून द्यायचं तरी कुठं, म्हणून मी गप्प होते. खड्डा झाला आणि माझी अडचण मिटली. रोज सकाळी सहाला यायचं, चावी फिरवून ते शिळं पाणी दोन बादल्यांत घ्यायचं, खड्ड्यात ओतायचं, चावी बंद करायची आणि ओढ्यावर जायचं. परतताना ताजं पाणी आणायचं, सव्वासातपर्यंत बंब काठोकाठ. खड्डाही भिजला, पाणीही वाया गेलं नाही, बाळांनाही ताजं मिळालं. मला फार समाधान वाटे. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही.

पहिल्याच बुधवारी बंब बंद पडला.

फ्यूज गेला होता. नसीरनं तो बदलला, तरी पाणी थंडच. कॉइल बाहेर काढली तर मधोमध तुटून काळी पडलेली. नवी घातली. गुरुवार, शुक्रवार, सगळे दिवस नीट गेले. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच.

"तुजी कॉइल सुदिक बुधवारचा उपास धरतीया का रं?" गेणबा म्हणाला.

नसीर हसला नाही. त्यानं वहीच घातली. किती वाजता खटका दाबला, दिवा किती मंद झाला, गिरणी कधी सुरू, कधी बंद. गिरणी सुरू झाली की आमच्याकडचे दिवे पिवळे पडत, तेव्हा त्याचा संशय साहजिकच तिकडे गेला. तिसऱ्या बुधवारी तो पहाटेपासून गिरणीत जाऊन बसला. हैबतराव तापट माणूस.

"माज्या गिरनीवर नजर ठिवतूस?"

"गिरनीवर न्हाई तात्या, विजेवर."

"वीज काय माज्या बापाची हाय? ती मुंबईला जाती निम्मी, हितं काय उरतं त्येवढ्यावर मी दळतो. ऊठ. पीठ बसंल अंगावर, मंग अब्बा वळखायचा न्हाई."

तो पांढरा होऊन बाहेर आला, तेवढ्यात गेणबानं हाक मारली. तिसरी कॉइल गेली होती.

त्या दिवशी गद्रेबाई चिडल्या. बुधवार हा लस टोचायचा दिवस. त्या दिवशी त्या पहिल्या गाडीनं येत, चाळीस-चाळीस मुलं रांगेत असत आणि गार पाण्यात हात धुऊन बाईंची बोटं आखडत. चूल पेटवून मी पाणी तापवलं, पण धुरानं सगळी मुलं खोकायला लागली. जाताना बाई नसीरला म्हणाल्या, "या लाकडी गाडीत दर बुधवारी काहीतरी जळतंय आणि का ते तुला सांगता येत नाही. पुढच्या बुधवारी मला संस्थेला पत्र पाठवायचंय, तुझा महिना भरतोय. तोवर कारण शोध."

पुढचा मंगळवार उजाडला तरी कारण सापडलं नव्हतं. संध्याकाळी बायका गेल्यावर मी फरशी पुसत होते आणि नसीर तिन्ही जळक्या कॉइली पायरीवर मांडून बसला होता.

"हे बघा काकू," तो म्हणाला, "तिन्ही सारख्याच जागी जळाल्यात. अशी कॉइल एकाच गोष्टीनं जळती. कोरडी तापली की. पान्यात हाय तवर तिला काय बी होत न्हाई. पान्याबाहेर पाच मिनटं ऱ्हायली की लाल होती आन् तुटती."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. टाकी कंदीच कोरडी नसती ना. तोटी बघा, कॉइलच्या चार बोटं वर हाय. समदं गरम पानी काढून घेतलं तरी कॉइल बुडालेलीच ऱ्हाती, तशीच केलीया ती. खालची चावी तर वर्सातनं एकदा साफसफाईला खोलायची. आन् पानी तुमी भरता. मी तिन्ही येळा झाकन उघडून बघितलं, काठोकाठ. गेणबाला इचारलं, हैबततात्याला इचारलं, बाईंना सुदिक इचारलं. तुमच्याकडनं तर चूक व्हायचीच न्हाई."

माझ्या हातात ओलं फडकं होतं. ते मी पिळत राहिले.

मी विचारलं, "बुधवारी गेणबा खटका कधी दाबतो?"

"साडेसहाला. बाई लवकर येत्यात म्हनून. बाकीच्या दिवशी आठाला."

साडेसहाला मी ओढ्यात असते. टाकी त्या वेळी रिकामी असते. सव्वासातला मी येते, झाकण उघडून ताजं पाणी ओतते आणि उदबत्ती लावते. जळल्याचा वास आला असेलही, तो मी उदबत्तीखाली झाकून टाकला होता.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोलले नाही. मनानं लगेच पळवाट काढली, की उद्या चावी उघडायची नाही, मग बंब चालेल, बाई खूश होतील, मुलगा राहील. कुणाला कळायची काय गरज? घरी गेले, दिवा लावला, रोजचं स्तोत्र म्हणायला बसले आणि मधल्याच एका ओळीवर अडले. ते स्तोत्र मला लहानपणापासून पाठ आहे.

बुधवारी मी चावीला हात लावला नाही. खड्ड्यात विहिरीचं पाणी ओतलं. साडेसहाला गेणबानं खटका दाबला आणि मी ओढ्यावरून आले तेव्हा तोटीतून वाफा येत होत्या. मला वाटलं, सुटले.

दुपारी लस टोचून झाली. बाई टेबलाशी बसून पत्र लिहीत होत्या. दारात नसीर उभा. बाहेर आठ-दहा बायका अजून रेंगाळत होत्या, त्यांत धोंडाबाईही होत्या.

"आज चालला बाई," गेणबानं सांगितलं.

"हो, चालला," गद्रेबाई म्हणाल्या. "का चालला? नसीर, सांग. मागचे तीन बुधवार का जळला आणि आज का नाही?"

नसीरनं वही उघडली, मिटली. "ठावं न्हाई बाई."

"मग मी काय लिहू? मुलगा कष्टाळू आहे, हे लिहिलंय मी. पण ज्याला कारण माहीत नाही त्याच्या हाती बाळंतिणींची गाडी कशी देऊ? उद्या पुढच्या गावी आत एखादी बाई असताना फळी पेटली तर? वाईट वाटून घेऊ नकोस." त्यांनी कागदाची घडी घातली आणि गेणबापुढे धरली. "शेवटच्या गाडीला दे."

"बाई, मी जाळला," मी म्हणाले.

माझा आवाज मुळातच लहान. गद्रेबाई म्हणाल्या, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

म्हणजे ते मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, मोठ्यानं. बाहेरच्या बायकाही दाराशी सरकल्या. मी सगळं सांगितलं. शिळं पाणी, खालची चावी, खड्डा, ओढा, सव्वासात. सांगताना मान वर केली नाही. बोलून संपलं तेव्हा पहिला आवाज धोंडाबाईंचा आला. "मंग त्यात काय चुकलं मास्तरीनबाईंचं? कालचं पानी पोराच्या अंगाला लावायचं? मी बी रोज हंडा उपडा करती!"

"आजी, तुमच्या हंड्यात कॉइल नाही," गद्रेबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सगुणाबाई, म्हणजे तीन बुधवार तुम्ही त्या कॉइलला निर्जळी घडवलीत."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. मला मात्र नसीरकडे बघायचं धाडस होत नव्हतं. तो खाली बसून बुडाची चावी बघत होता. फिरवली, थेंबभर पाणी आलं, बंद केली.

"तुमाला हे कवा कळलं काकू?"

"काल. तू सांगत होतास तेव्हा."

"काल." तो उठला. "काल घरी जाऊन म्या अब्बांना म्हनलं, दुकानाची दुसरी किल्ली मला द्या, परवापास्नं येतो. अम्मी जेवली न्हाई. तुमी काल सांगितलं असतं तर तेवढं वाचलं असतं."

"मी भ्याले रे," एवढंच म्हणाले. ते खरं होतं.

गद्रेबाईंनी गेणबाच्या हातून पत्र परत घेतलं. "आता हे तुमच्या नावानं लिहू का? काम जाईल तुमचं."

"लिहा."

बाई बोलायच्या आत नसीरच बोलला. रागातच होता, पण बोलला. "त्यांच्या नावानं लिवू नका बाई. खड्ड्यात पानी वता म्हनून मीच सांगितलं, कुटलं ते सांगितलं न्हाई. आन् साऱ्या गावाला इचारलं, गिरनीत पीठ खाल्लं, पर ज्या मानसाच्या हातात रोज पानी असतं त्याला इचारलंच न्हाई. वायरमननं इचारायला पायजे व्हतं."

"का नाही विचारलंस?"

"त्यांना कसं इचारनार?" तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच ते बोलणं विचित्र वाटलं असावं, कारण तो थोडा हसला.

मला त्या वाक्यानं जेवढं लागलं तेवढं कशानंच लागलं नाही. मला कुणी विचारत नाही, हे मी इतकी वर्षं मानच समजत आले होते.

गद्रेबाईंनी पत्राची घडी मोडली, खाली दोन ओळी जास्त लिहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा वाचल्या. "बंब जळण्याचं कारण वायरमननं आणि मदतनीस बाईंनी मिळून शोधलं आहे. दोघांनाही कायम करावं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मिळून हा शब्द मी तुमच्यासाठी घातलाय. तो खरा करा."

नसीर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. ते मी सोसलं, सोसायलाच हवं होतं. शुक्रवारी मात्र तो एक काचेची नळी घेऊन आला आणि ती बंबाच्या बाहेरून बसवू लागला. आत पाणी जिथवर, नळीत तिथवर. झाकण उघडायला नको.

"आता शिळ्या पान्याचं काय करायचं सांगा," तो म्हणाला. "तुमचं मन मोडून बंब चालवला तर तुमी पुन्ना काहीतरी कराल."

मी विचार केला. "संध्याकाळी रिकामा करून घासते आणि तेव्हाच भरते. सकाळी वरून नवी घागर ओतते. ओढ्याचंही तसंच असतं ना. नवं येऊन मिळालं की सगळं नवं."

"महादेवाला चालंल?"

"त्याच्या डोक्यावरचं पाणी कुठं कुणी रोज बदलतं?"

तो मोठ्यानं हसला आणि स्क्रू हातातून पडला. मग म्हणाला, "खटकाबी तुमीच दाबा आजपास्नं. नळी बघायची आन् दाबायचा."

"आन् मी?" गेणबा जीपमधून ओरडला. "मी काय करू सकाळी?"

"तू नीज."

पुढच्या बुधवारी मी ओढ्यावरून सव्वासहालाच आले. स्नान थोडक्यात झालं, बेलही थोडा कमी वाहिला. महादेवानं काही म्हटलं असेल असं वाटत नाही. नळीत पाणी वरपर्यंत होतं, तरी दोनदा बघितलं. हात कोरडे पुसले आणि खटका दाबला. आधी काहीच झालं नाही. मग टाकीच्या पोटात पाणी बारीक आवाजात बोलायला लागलं, आणि बाहेर रस्त्यावर पौडकडून येणाऱ्या नसीरच्या सायकलची घंटा वाजली.